हाजीणबाईचा फोटो

लिफ्ट बंद होती म्हणून तेओफाना जिन्याने उतरली. गुडघे कुरकुरत होते, त्यामुळे तिचं सगळं लक्ष पायऱ्यांकडे, आणि इमारतीच्या दाराशी पोचेपर्यंत तिला काही दिसलं नाही. दाराशी तळमजल्यावरच्या रुमेनाबाई दुधाची पिशवी घेऊन उभ्या होत्या. तेओफानाला बघताच त्यांनी पिशवी छातीशी घट्ट धरली, मोकळ्या हाताने क्रूस केला आणि म्हणाल्या, "अगं बाई! तुम्ही जिवंत आहात!"

"अजून तरी आहे," तेओफाना म्हणाली. "का हो?"

रुमेनाबाईंनी नुसतं बोट दाखवलं. दाराच्या काचेवर काळ्या चौकटीचा एक कागद चिकटपट्टीने डकवला होता. आता सोफियात असे कागद काही नवे नाहीत. माणूस गेलं की दारावर कागद लागतो, चाळीस दिवसांनी पुन्हा लागतो, सहा महिन्यांनी, वर्षाने, आणि घरच्यांच्या जिवात जीव असेपर्यंत लागतच राहतो. झाडांवरून आणि विजेच्या खांबांवरून मेलेली माणसं आपल्याकडे बघत असतात, आणि आपण भाजीची पिशवी या हातातून त्या हातात घेत पुढे जातो. पण या कागदावर वर ठसठशीत अक्षरात लिहिलं होतं: तेओफाना हाजीवल्कोवा. त्याखाली: जाऊन पन्नास वर्षं झाली. अगदी खाली, बारीक अक्षरात: शनिवारी द्रेनोवित्साच्या स्मशानात गहू वाटला जाईल. आणि मधोमध फोटो होता. डोक्याला काळा रुमाल, ओठ मिटलेले, नजर सरळ. तो चेहरा तेओफानाचा होता. काल रात्री दात घासताना आरशात होता तोच, थोडा तरुण, इतकंच.

"आजी माझी," ती म्हणाली. "तिचंच नाव मला ठेवलंय. चेहराही उतरलाय."

"मेला जीव टांगणीला लागला ना माझा! म्हटलं काल तर कचरा टाकताना भेटल्या, आणि आज ही पाटी?" रुमेनाबाईंना आता बरं वाटत होतं, त्यामुळे त्यांनी कागद नीट वाचला. "पण काय हो, तुम्ही नुसत्या वल्कोवा ना? हे हाजीबिजी कुठून आलं?"

"जुनं आहे. पणजोबांचा बाप जेरुसलेमची यात्रा करून हाजी झाला होता."

"म्हणजे मोठ्या घरच्या तुम्ही! आणि वीस वर्षांत एका शब्दाने बोलला नाहीत. चालायचंच. हल्ली सगळेच मोठ्या घरचे निघतात. आमच्या जावयाला परवा एक पणजोबा सापडलाय, म्हणे त्याच्या दहा पाणचक्क्या होत्या." हसत हसत त्या लिफ्टकडे गेल्या, ती बंद आहे हे आठवून परत फिरल्या, आणि जाता जाता फोटोकडे आणि तेओफानाकडे आळीपाळीने अशा बघत गेल्या की तेओफानाने नकळत चष्मा चढवला.

चष्म्यांतच तिचा जन्म गेला होता. पस्तीस वर्षं ती एकाच दुकानात होती. त्या दुकानात भिंतींना जागा दिसेल तिथे आरसे, फिरत्या फडताळाला आरसे, गल्ल्यावर हातात धरायचा आरसा. गिऱ्हाईक चौकट चढवतं, समोर एक परकं माणूस बघून दचकतं, आणि ती मागे उभी राहून म्हणते, छान दिसतंय तुम्हाला, सवय होईल. त्या दिवशी मात्र तिला स्वतःचीच सवय होईना. दर वळणावर तो चेहरा भेटत होता, आणि प्रत्येक वेळी वाटत होतं की तो आपल्या आधीच तिथे येऊन थांबलाय. शिवाय जिभेवर ते शब्द राहिले होते. आजी माझी. सत्तावन्न वर्षांत हे शब्द ती कधी बोलली नव्हती. तिच्या घरात ते नव्हतेच, जसं काही घरांत लसूण नसतो. तिचा बाप मेतोदी पुलांचे नकाशे काढायचा, आणि सरकार बदललं त्या वर्षी त्याने वर्तमानपत्रात चार ओळी छापून आणल्या होत्या: मी, खाली सही करणारा मेतोदी वल्कोव, जाहीर करतो की द्रेनोवित्साच्या हाजीवल्कोव कुटुंबाशी माझा कसलाही संबंध नाही. त्याच्या आईबापांना घराबाहेर काढून डोंगरापलीकडच्या एका खेड्यात पाठवलेलं. 'माजी माणसं' असा सरकारी शब्दच होता त्यांच्यासाठी. ज्यांच्या लोकरीच्या फिती एके काळी इस्तंबूलच्या दरबारी अंगरख्यांना लागायच्या, ती माणसं एका कागदावर माजी झाली. मुलगा मात्र सोफियात राहिला, नाव कापून राहिला. त्याला दोष द्यावा तरी पंचाईत. त्याने नाव कापलं नसतं तर तेओफानाही त्या खेड्यातच वाढली असती, आणि हे तो तिला आयुष्यभर न बोलता ऐकवत आला होता.

अकराच्या सुमाराला एक म्हातारे गृहस्थ जाड चौकट घालून बघत होते आणि ती त्यांच्या खांद्यामागे उभी होती. आरशात तिला आपली डावी भुवई दिसली. भुवईच्या मधोमध तिरकी रेघ आहे, तिथे केस उगवत नाहीत. सहा वर्षांची असताना कोळशाच्या तळघराच्या पायऱ्यांवरून पडली होती, त्याची ती खूण. आणि सकाळच्या त्या कागदावरच्या बाईच्या भुवईतही अशीच तिरकी रेघ होती. तिने ती पाहिली होती. पाहून सोडून दिली होती. आजीचं नाक नातीला येतं, हनुवटी येते, चालसुद्धा येते. पडून झालेली जखम येत नाही. "सैल होतंय का हो?" गृहस्थांनी विचारलं. "नाही," ती म्हणाली, "सवय होईल," आणि मागच्या खोलीत जाऊन खोक्यांवर बसली.

कारण तिला सगळं आठवलं. आठवलं म्हणजे काय, विसरली कधी होती? कपाटात वरच्या फळीवर मागे ढकललेली वस्तू जशी घरातच असते तसं ते होतं. बारा वर्षांपूर्वी द्रेनोवित्साहून एक पत्र आलं होतं, कुनका नावाच्या बाईचं. कुनकाची आई हाजीवल्कोवांकडे स्वयंपाकघरात कामाला होती, कुनका त्या घराच्या अंगणातच वाढली. अक्षर शाळकरी, पण मजकूर सरळ: तुझ्या आजीच्या कबरीवर लाकडी क्रूस होता, तो कुजला. आम्ही दगड बसवतोय. दगडात चिनीमातीवर छापलेला फोटो बसवतात, तर हाजीणबाईंचा एक फोटो पाठव. फोटो! बापाने एका रविवारी दुपारी सगळे फोटो चुलीत घातले होते, जाड पुठ्ठ्याचे, मागे सोनेरी अक्षरं असलेले. ते पटकन जळेनात म्हणून त्याने ते सळईने दाबले होते. हे त्या कुनकाला कसं लिहायचं? आमच्या बापाने आपल्या आईचं तोंडसुद्धा शिल्लक ठेवलं नाही, हे परक्या बाईला कुठल्या तोंडाने सांगायचं? मग तिने आईचा काळा रुमाल काढला, डोक्याला बांधला आणि कोपऱ्यावरच्या फोटोवाल्याकडे गेली. तो म्हणाला, "ओळखपत्राला रुमाल चालत नाही, बाई." ती म्हणाली, "चालतो, तुम्ही काढा." चेहरा तोच आहे, कुणाला काय कळणार, असं म्हणून तिने तो पाकिटात घातला आणि टपालपेटीत टाकून दिला. त्याच सुमाराला घर परत मागायचा सरकारी कागदही आला होता. तो तिने भरला नाही. भरायचा तर नात्याच्या रकान्यात काहीतरी लिहावं लागलं असतं, आणि तिथे पोचल्यावर तिचं पेन पुढे जाईना. घर गेलं. फोटो तेवढा पाठवला होता, तो पोचला. म्हणजे बारा वर्षं एका गावच्या स्मशानात तिचाच चेहरा, तिच्याच नावाखाली बसवलेला होता, आणि लोक त्याच्यापुढे मेणबत्त्या लावत होते. तिला भीती वाटली. लहान मूल अंधाराला घाबरतं तशी, साधी, पोटातली भीती. आणि भीतीच्या खाली लाज होती, ती फार जुनी होती.

ती लाज जून महिन्यातल्या एका दुपारची. तेओफाना सहा वर्षांची, भुवईवर ताजी पट्टी. आई कामावर गेलेली. घंटा वाजली. बापाने खिडकीच्या पडद्याआडून वाकून खाली पाहिलं आणि त्याचा चेहरा असा झाला की तिला वाटलं त्याला उलटी होणार. तो स्वयंपाकघराच्या दारामागे गेला आणि तिथून हळूच म्हणाला, "दार उघड. म्हणायचं, असं कोणी इथे राहत नाही. नाव विचारलं तर एलेना सांग. जमेल ना माझ्या राणीला?" न जमायला काय झालं! तिने दार उघडलं. समोर एक उंच म्हातारी, अंगात खेडवळ तपकिरी कोट, पायांत रबरी बूट, हातात काचेची बरणी. तिच्या बोटांची टोकं काळी होती, अगदी कोळशासारखी काळी, आणि तेओफानाला ती आधी दिसली. म्हातारी म्हणाली, "मेतोदी वल्कोव इथेच राहतात ना?" "असं कोणी इथे राहत नाही." "बरं." तिने बरणी या हातातून त्या हातात घेतली. "तुझं नाव काय गं, बाळा?" "एलेना." म्हातारी तिच्याकडे बघत राहिली. रागाने नाही, मायेनेही नाही. चष्म्याच्या दुकानात लोक आरशात बघतात तशी बघत राहिली, हे तेओफानाला पुढे कित्येक वर्षांनी कळलं. मग "छान नाव आहे" म्हणून तिने बरणी उंबऱ्यापाशी ठेवली आणि कठड्याला धरून उतरत गेली. बाप दारामागून आला, त्याने तेओफानाला उचललं, साखरेची गोळी दिली. एकही चूक न करता बोलली म्हणून तिला स्वतःचा केवढा अभिमान वाटला होता! बरणीत हिरव्या अक्रोडांचा मुरंबा होता. बापाने तो मोरीत ओतला. तिने झाकणाला लागलेला थोडासा चाटला, आणि तसा गोड मुरंबा तिने पुन्हा कधी खाल्ला नाही. तेओफाना बारा वर्षांची असताना आई एकदा बोलण्याच्या ओघात म्हणाली, "तुझी आजी आली होती ना एकदा," आणि जीभ चावून गप्प झाली. तोवर आजी जाऊन पाच वर्षं झाली होती. आमच्याकडे आजीचं नाव नातीला देतात. नाव पुढे चाललं की माणूस पुरतं जात नाही, अशी समजूत आहे. आपलं नाव कुणाला ठेवलंच नाही, असं समजून ती म्हातारी मेली. हे एक शल्य तेओफानाच्या छातीत होतं. तिला मूलबाळ नव्हतं, तिच्यामागे ते नाव संपणार होतं, आणि ज्या बाईला ते सांगायचं होतं ती तर मातीखाली होती. तरीही सांगायचं होतं.

शनिवारी सकाळच्या बसने ती निघाली. तो पितरांचा शनिवार, बसमध्ये शेवंतीचा आणि मेणाचा वास, बायकांच्या मांडीवर फडक्यात बांधलेली भांडी. खिंड ओलांडली आणि धुकं लागलं. द्रेनोवित्साच्या थांब्यावर ती उतरली तेव्हा तिच्या हाताच्या अंतरावर, थांब्याच्या खांबावर, ती होती. काळ्या रुमालात. ती रस्त्याने चालू लागली. बेकरीच्या दारावर ती होती, न्हाव्याच्या दुकानाच्या काचेवर होती, चिनाराच्या खोडावर होती, खाली जुने कागद फाटून राहिलेले आणि वर ताजी ती. चर्चच्या भिंतीवर तर एका ओळीत तीन. ओल्या हवेने कागद फुगले होते, त्यामुळे काही ठिकाणी गाल सुजल्यासारखे दिसत होते. धुक्यातून एक म्हातारा समोर आला, तिला पाहून थबकला, त्याने टोपी काढली, आणि ती गेल्यावरही घातली नाही. फुलांची टोपली घेतलेल्या एका बाईने तिला पाहून वाईट टळावं म्हणून स्वतःच्या छातीवर तीनदा थुंकल्यासारखं केलं आणि पलीकडच्या बाजूला गेली. तेओफानाने चष्मा घातलेला होता, लोकरीची टोपी कानांपर्यंत ओढली. आपण चालतोय तो रस्ता आपल्याला ठाऊक नाही, पण रस्त्याला आपण ठाऊक आहोत, असं काहीतरी तिला वाटत होतं, आणि ते वाटणं काही केल्या जात नव्हतं. या गावात एके काळी हाजीण बाहेर पडली की असेच लोक टोप्या काढत असतील. मग एक दिवस असा आला असेल की काढल्या नाहीत.

घर सापडायला वेळ लागला नाही, कारण त्यावर पाटीच होती: हाजीवल्कोवांचं घर, राहण्याची व न्याहारीची सोय. निळा रंग नवा, लाकडी खिडक्या नव्या. आत शिरल्यावर एक गुटगुटीत, हसऱ्या चेहऱ्याची बाई पुढे आली, हात पुसत. "या, या, गारठलात ना? कॉफी टाकते. मी वान्या, मालकीणच म्हणा. आमचे हे, दोचो, गावचे महापौर आहेत, तेव्हा काही लागलं तर सरळ मला सांगायचं." तेओफाना बसली आणि समोरच्या भिंतीकडे बघून तिच्या तोंडचं पाणी पळालं. तिथे सोनेरी चौकटीत ती होती, तैलरंगात, माणसाच्या दुप्पट. रुमाल तोच, फक्त रंगाऱ्याने कानात मोती घातले होते आणि गळ्यात जेरुसलेमचा शिंपल्याचा क्रूस.

"आमची हाजीण," वान्या म्हणाली. "तेओफाना. काय बाई होती! भुवईवर वण बघितलात? नवी नवरी होऊन आली होती या घरात, आणि डोंगरातले दरोडेखोर शिरले. बाकीचे पळाले. ही किल्ल्यांचा जुडगा पोटाशी धरून बसली. सुरा मारला तिच्या डोळ्याजवळ, पण किल्ल्या नाही दिल्या. हाडच मोठ्या घराचं!"

"कुणी सांगितलं हे?"

"अहो, गावच सांगतं. शाळेत मुलं नाटक करतात दरवर्षी."

कोळशाच्या तळघराच्या सात पायऱ्या तेओफानाच्या डोळ्यांपुढे उभ्या राहिल्या. "तुम्ही तिच्या कोण?" तिने विचारलं.

"मी सून. म्हणजे सुनेसारखीच. माझ्या सासूबाई याच घरात लहानाच्या मोठ्या झाल्या." कुठल्या खोलीत, ते वान्याने सांगितलं नाही, आणि तिच्या चेहऱ्यावरून वाटत होतं की ते तिच्या लक्षातही राहिलेलं नाही. खोटं बोलत नव्हती बिचारी. "तिच्या घरचे कुणीच नाही हो उरले. मुलगा होता म्हणे, तो नालायक निघाला. मग आम्हीच करतो सगळं. आपलेपणाने करतो. तुम्ही कुठल्या?"

"सोफियाची."

"हो, पण मूळच्या?"

तेओफानाने कपाकडे पाहिलं. तोंड उघडलं की बाहेर पडेल इतकं जवळ ते आलं होतं. "तिथलीच," ती म्हणाली. आपण पुन्हा तेच केलं, हे तिला कळलं. या वेळी दारामागे कुणी नव्हतं.

स्मशान टेकडीवर होतं. धुक्यात सगळीकडे मेणबत्त्या, सगळीकडे माणसं, कबरींवर तांबडी वाईन ओतलेली, आणि लोक एकमेकांच्या ओंजळीत साखर आणि अक्रोडाची पूड घातलेला शिजवलेला गहू देत होते, आपापल्या माणसाचं नाव घेत. घेणाऱ्याने 'देव क्षमा करो' म्हणायचं आणि खायचं, की तो गहू मेलेल्याला पोचतो. आजीची कबर लांबूनच कळली, तिथे सर्वांत जास्त मेणबत्त्या होत्या. काळ्या दगडात, हाताच्या पंजाएवढ्या पांढऱ्या चकतीत, तेओफाना बसवलेली होती. दगडाला टेकून एका तीनपायी स्टुलावर एक सुरकुतलेली म्हातारी बसली होती, मांडीवर भांडं. डोळ्यांत मोतीबिंदूची दुधी झाक. तेओफाना दहा पावलांवर असतानाच ती म्हणाली, "आलीस? बस."

"तुम्ही कुनका आजी? मला कसं ओळखलंत?"

"चालीवरून. हाजीणही अशीच चालायची, जमिनीला उसनं पाऊल दिल्यासारखी. मीच डकवायला सांगितला तुझ्या दारावर कागद. पत्र पाठवलं असतं तर आली नसतीस. दारावर लावला म्हणून आलीस." कुनका आजीला दम लागत होता. "नव्वदी जवळ आली माझी. पुढच्या शनिवाराला मी इथे स्टुलावर असेन की खाली, सांगता येत नाही."

"आजी, तो फोटो—"

"तुझा आहे. पाकीट फोडलं तेव्हाच कळलं मला. तेव्हा दिसत होतं चांगलं."

तेओफानाचे कान तापले. "मग बसवलात कशाला?"

"तर काय, दगडाला भोक ठेवू? गावाला चेहरा हवा होता, पोरी. आधी गावाने तिला हाकललं, मग विसरलं, आणि मग एकदम सगळ्यांना ती हवी झाली. माझी आई तिच्या फरशा पुसायची, आणि आता आमची सूनबाई पाहुण्यांना सांगते, आमची हाजीण. मी ऐकते आणि गप्प बसते. म्हातारीला कोण विचारतं? माणसं वर चढली की त्यांना मागे कुणीतरी उभं लागतं. स्वतःचं नसलं तर दुसऱ्याचं घेतात. ते दरोडेखोर ऐकलेस का?" ती हसली, एकच दात दिसला. "भुवईवरूनच तर ओळखला मी तो फोटो. त्या दिवशी मी होते ना तिच्याबरोबर."

"कुठल्या दिवशी?"

"सोफियात. त्या खेड्यातून परवानगी नसताना आलो होतो दोघी, मी तिच्यासोबतच गेले होते तिकडे. धरलं असतं तर मेलोच होतो. मी एक मजला खाली, जिन्यात उभी. ती उतरून आली. म्हटलं, भेटले का? बोलेना. गाडी खिंडीत आली तेव्हा बोलली." कुनका आजीने हात तेओफानाच्या हातावर ठेवला. तिच्या बोटांची टोकं अक्रोडाच्या सालींनी काळी झाली होती. "म्हणाली, कुनके, दार मीच उघडलं गं. सहा वर्षांची मी, भुवईला पट्टी लावलेली. आणि मीच मला सांगितलं की असं कोणी इथे राहत नाही."

तेओफानाने टोपी काढून खिशात कोंबली. तिने चष्मा काढला, कारण त्यातून काही दिसत नव्हतं.

"मग वर्षभर होती जिवंत," कुनका आजी म्हणाली. "पण हाक मारली तर ओ द्यायची नाही. हाजीणबाई, जेवायला या म्हटलं, की म्हणायची, असं कोणी इथे राहत नाही. रागाने नाही गं. खरंच वाटायचं तिला तसं. शेवटी पाद्री आला, त्याने नाव विचारलं, त्यालाही तेच. मेल्यावर तेवढं गावाने तिला परत येऊ दिलं." तिने भांडं तेओफानाच्या हातात दिलं. ते अजून कोमट होतं. "पन्नास वर्षं मी वाटते. पण मी पडले परकी, माझ्या हातचा गहू तिला पोचतो की वाटेत राहतो, कोण जाणे. तू वाट. आणि नाव मोठ्याने घ्यायचं. पुटपुटलेलं चालत नाही."

तेओफाना उभी राहिली. भांड्यात गव्हावर बोटाने क्रूस काढलेला होता. पाठीमागे दगडात तिचा चेहरा होता, त्याची थंडी तिला मानेवर जाणवत होती. धुक्यातून पहिली आली ती वान्या, नवऱ्याचा हात धरून, डोक्याला काळा रुमाल बांधून. तिने सवयीने ओंजळ पुढे केली आणि सवयीनेच विचारलं, "कोणाच्या नावाने?" तेओफानाच्या जिभेवर ते जुनं वाक्य आलं. खरोखर आलं, सहा वर्षांच्या पोरीच्या आवाजात, साखरेच्या गोळीच्या चवीसकट. तिने ते गिळलं.

"तेओफाना हाजीवल्कोवा," ती म्हणाली. आवाज इतका मोठा निघाला की शेजारच्या कबरींवरची माणसं वळली.

वान्याने वर पाहिलं. टोपी नाही, चष्मा नाही, भुवई समोर. मग तिने दगडाकडे पाहिलं, पुन्हा हिच्याकडे. तिचा चेहरा पांढराफटक पडला. पण ओंजळीत गहू पडलेला होता, आणि पडलेल्या गव्हाला उत्तर द्यावंच लागतं. "देव क्षमा करो," ती कशीबशी म्हणाली आणि दाणे तोंडात टाकले. मागून दोचो आला, त्याच्यामागे तो टोपी काढणारा म्हातारा, मग ती फुलांची टोपलीवाली. तेओफाना नाव घेत गेली आणि ते क्षमा मागत गेले. कोणासाठी मागतायत, हे पहिल्या दोनचार ओंजळींनंतर तिला नीट सांगता आलं नसतं. कुणीच काही विचारलं नाही. कुणी तिच्या डोळ्यांत पाहिलं नाही. गहू घेतला, खाल्ला आणि जरा लवकर पाठ फिरवली. ही इथे उभी आहे की खाली आडवी आहे, हे त्यांना ठरवता येत नव्हतं, आणि तिला स्वतःलाही थोडा वेळ येईना. तरी छातीतलं ते शल्य मात्र हललं होतं. दुखत होतं, पण हललं होतं.

भांड्याच्या तळाला मूठभर उरलं तेव्हा कुनका आजीने बसल्या जागेवरून काळ्या बोटांची ओंजळ पुढे केली. दुधी डोळे दुसरीकडेच होते.

"कोणाच्या नावाने?" तिने विचारलं, जसं काही ती आत्ताच आली होती.

"तेओफाना हाजीवल्कोवा."

"हं," कुनका आजी म्हणाली. "इथेच राहते ती." आणि तिने सावकाश, एकही दाणा न सांडता, गहू खाल्ला.